घसरलेल्यांचा वर्ग

२९ जून २०१२ रोजी लुडो डे क्लिपेलने शाळेच्या कार्यालयात २४३ युरो ७० सेंट भरले. मुलाच्या पुढच्या वर्षाच्या पुस्तकांच्या भाड्याचे. पावतीची घडी करून खिशात घालताना तो खिडकीमागच्या बाईंना म्हणाला, "कचराकुंडीच्या मानानं भाडं जास्त आहे." बाई हसल्या नाहीत. त्या आठवड्यात हा विनोद त्यांनी आणखी दोनचार पालकांकडून ऐकला असावा.

सोळा वर्षांचा वानेस शेजारी उभा होता. त्याच्या हातात बी दाखला होता, आयुष्यातला दुसरा.

निनोव्ह गावातल्या त्या शाळेत जून संपत आला की शिक्षकांची बैठक बसते आणि प्रत्येक मुलाच्या नावानं एक दाखला निघतो. ए म्हणजे पुढे चला. सी म्हणजे त्याच वर्गात पुन्हा बसा. बी म्हणजे तुम्ही पास आहात, पण या शाखेत नाही, दुसरी शाखा शोधा. दुसरी म्हणजे खालची. वरची आणि खालची असं कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं, सरकारच्या पत्रकात तर सगळ्या शाखा समान असतात. पण गावाला उतरंड पाठ असते. वर लॅटिन-गणित, मग विज्ञान, मग अर्थशास्त्र-गणित, मग अर्थशास्त्र-भाषा, आणि तळाला मानव्यविद्या, म्हणजे माणसांच्या वागण्याचा आणि समाजाचा अभ्यास. लोक याला धबधबा म्हणतात. पाणी वर चढल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

वानेसनं बाराव्या वर्षी लॅटिनपासून सुरुवात केली होती. तिसऱ्या वर्षाअखेर पहिला बी मिळाला आणि तो अर्थशास्त्र-गणितात आला. चौथ्या वर्षाअखेर दुसरा बी मिळाला, अर्थशास्त्राच्या दोन्ही शाखा बंद झाल्या आणि मानव्यविद्या तेवढी उरली. लुडोची सेंट्रल हीटिंग बसवण्याची छोटी कंपनी होती, दोन गाड्या आणि तीन माणसं. पाना आपण फिरवायचा आणि पोरानं पुढं ऑफिसात बसून बिलं, कर, बँक सांभाळायची, हे त्यानं मुलगा पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. मानव्यविद्या या हिशेबात कुठंच बसत नव्हती.

त्या रात्रीच्या जेवणात त्यानं ते बोलूनही दाखवलं. "बॉयलर फुटला की गिऱ्हाईक मला विचारत नाही, की लहानपणी बॉयलरवर कोणी प्रेम केलं होतं का म्हणून."

आई, माग्दा, म्हणाली की पास तर झालाय. लुडो म्हणाला, पास झाला म्हणूनच तर पंचाईत आहे, नापास झाला असता तर निदान तिथंच राहिला असता. वानेस बटाटे कुस्करत राहिला. बापाचं म्हणणं त्याला शंभर टक्के पटत होतं, आणि याचाच त्याला जास्त राग येत होता.

सप्टेंबरात तो नव्या वर्गात गेला. एकोणीस मुली, तीन मुलगे. खुर्च्या ओळीत नव्हत्या, गोलात मांडलेल्या होत्या. गोल बघूनच त्याच्या कपाळावर आठी पडली. ओळीत माणूस मागे बसून लपू शकतो. गोलात मागची बाजूच नसते.

लिपेन्स बाई पन्नाशीच्या होत्या. वर्तनशास्त्र आणि संस्कृतिशास्त्र असे दोन्ही मुख्य विषय त्याच घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी स्वागत वगैरे काही केलं नाही. "तुम्ही इथं कसे आलात ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यात मला रस नाही. इथून कसे बाहेर पडता त्यात आहे."

वानेसनं मनात म्हटलं, बाहेर पडायचं एवढंच मलाही पाहिजे.

त्या वर्गातल्या एकेका गोष्टीचा त्याला तिटकारा होता. जाड पेनांनी मोठ्या कागदावर काढायची ती रंगीत पोस्टर. चौघाचौघांचे गट, ज्यात दोघं काम करतात, एक गप्पा मारते आणि चौथा वानेस असतो. "याबद्दल तुला काय वाटतं?" हा प्रश्न तर दिवसातून पाच वेळा. एकदा त्यानं उत्तर दिलं, "काहीच वाटत नाही." बाई म्हणाल्या, "तेही चालेल. काहीच का वाटत नाही ते अर्धं पान लिही." त्यानं अर्धं पान लिहिलं आणि दहापैकी सात मिळाले. गणितात एवढ्या थापा मारून कोणी सात गुण दिले नसते, हे त्याचं त्यावरचं मत.

बसथांब्यावर बाव्हो भेटायचा. पहिली दोन वर्षं दोघं एका बाकावर बसलेले. बाव्हो अजून लॅटिन-गणितातच होता. "काय रे, आज काय शिकलात? रडायला?" असं तो विचारायचा आणि मागची पोरं खिदळायची. वानेस उलटून काही बोलायचा नाही. दोन वर्षांपूर्वी याच थांब्यावर त्यानं स्वतः हेच विनोद केले होते, त्यातला एक तर शब्द न शब्द त्याचाच होता.

एकदा बाईंनी सगळ्यांना सुपरमार्केटात नेलं. पैसे द्यायच्या रांगेत कोण कोणाला पुढं जाऊ देतो ते बघून टिपायचं. पावाच्या फळीजवळ उभं राहून वानेसच्या डोक्यात आलं की बाव्हो या क्षणी कलन शिकतोय आणि आपण दुधाच्या दोन बाटल्या घेतलेली म्हातारी बघतोय. त्या म्हातारीला कोणीच पुढं सोडलं नाही. मागून आलेल्या, सूट घातलेल्या माणसाला मात्र तिनंच आपणहून पुढं सोडलं. वानेसनं ते टिपलं. घरी गेल्यावरही ते डोक्यातून जाईना.

खरा संताप त्याला याचाच होता. हे शिकलेलं चिकटायचं. बापाच्या कपड्यांना वेल्डिंगचा वास लागतो, तसं. पूर्वी घरचं जेवण म्हणजे जेवण होतं. आता त्याला दिसायचं की आई प्रश्न विचारते आणि उत्तरही तीच देते, की भांडं आधी बापाकडं जातं, की पालकसभेला कायम आईच जाते आणि ती परतल्यावर बाप तिला "काय म्हणाले?" एवढंसुद्धा विचारत नाही. हे कोणी बघायला सांगितलं होतं? अर्थशास्त्रानं निदान त्याला घरात निवांत जेवू दिलं होतं.

सहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी नाताळच्या परीक्षेत फ्रेंचमध्ये तो साफ आपटला. ईस्टरलाही तेच. लिपेन्स बाईंनी त्याला तासानंतर थांबवून घेतलं आणि कोरडेपणानं सांगितलं की जूनच्या बैठकीत त्याच्या नावावर चर्चा होणार. शेवटच्या वर्षी बी दाखला नसतोच. ए किंवा सी. प्रत्येकानं करायचा जो स्वतंत्र अभ्यासप्रकल्प आहे तो चांगला झाला, तर फ्रेंचकडे काणाडोळा करता येईल. तोही पडला, तर सी.

म्हणजे आणखी एक वर्ष. याच गोलात, याच जाड पेनांबरोबर. वानेस त्या दुपारी बसनं गेलाच नाही, डेंडर नदीच्या काठानं चालत घरी आला. या वर्गात आणखी एक वर्ष काढण्यापेक्षा बापाच्या गाडीत पाइप उचललेले परवडले, असं त्याला वाटलं. पण डिप्लोमाशिवाय पाइप उचलायचे म्हणजे जन्मभर तेच.

प्रकल्पासाठी त्यानं विषय निवडला तो सूड म्हणून. "आम्ही इथे कसे आलो." वर्गातल्या प्रत्येकाला प्रश्नावली द्यायची, कोण कुठल्या शाखेतून, कोणत्या वर्षी इथं आलं ते मोजायचं, आणि मेमध्ये परीक्षकांसमोर शाळेच्या तोंडावर सांगायचं की तुमची मानव्यविद्या ही शाखा नाही, तो नाला आहे. बाईंनी विषय वाचला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान्य केला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. त्यांचा आक्षेप एका शब्दाला होता. "घसरणे" नको, "नव्याने दिशा घेणे" म्हणावं. वानेस म्हणाला, सर, मी दिशा घेतली नव्हती, मला ढकललं होतं. थोडी घासाघीस होऊन "घसरणे" अवतरणचिन्हांत राहिलं. प्रश्नावलीवर बाईंची सही झाली, मुख्याध्यापकांचीही झाली.

मे महिन्यात सादरीकरण झालं. समोर परीक्षक म्हणून लिपेन्स बाई, मुख्याध्यापक आणि पालक समितीतले एक हिशेबनीस गृहस्थ. मागे सगळा वर्ग. आयुष्यात पहिल्यांदाच वानेस त्या खोलीत मनापासून बोलला. आकडे स्वच्छ होते, आलेख नीट होते. लॅटिनमधून इतके, विज्ञानातून इतके, अर्थशास्त्रातून इतके. शेवटच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: वैध उत्तरं देणाऱ्यांपैकी शंभर टक्के विद्यार्थी वरून घसरत आलेले आहेत. एकानंही ही शाखा निवडलेली नाही.

हिशेबनीसांनी मान डोलवली. शंभर टक्के हा आकडा त्यांना आवडलेला दिसला. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत होते. बाईंनी रिवाजाप्रमाणे वर्गाला विचारलं, कोणाला काही विचारायचंय का.

योरिंडे हागेमाननं हात वर केला. उंच, अबोल मुलगी. दोन वर्षांत वानेस तिच्याशी दहा वाक्यंही बोलला नसेल.

"वैध उत्तरं म्हणालास. अवैध किती होती?"

"एक. पहिला प्रश्न कोराच सोडला होता, म्हणून मोजली नाही."

"ती माझी."

"मग भरायची होतीस की."

"कशी भरणार?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात दया म्हणून नव्हती. "तुझा पहिला प्रश्न आहे, तू कोणत्या शाखेतून घसरलीस. खाली चार चौकटी. मी कुठून घसरलेच नाही. तिसऱ्या वर्षी लॅटिनच्या दुसऱ्या तुकडीत मी पहिली होते. मी ही शाखा मागून घेतली. तर मला सांग, कुठल्या चौकटीत फुली मारू?"

वानेसनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. चार चौकटी होत्या. पाचवी खरोखरच नव्हती.

"तू आधी उत्तर लिहिलंस आणि मग प्रश्न," योरिंडे म्हणाली. "आणि जिचं उत्तर जमेना तिला फेकून दिलंस. वर म्हणतोस, आम्हाला शाळेनं कचऱ्यात टाकलं."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. वानेसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, बाई आता आपल्याला सोलून काढणार. पण बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या प्रश्नावलीच्या तळाशी असलेल्या स्वतःच्या सहीकडे बघत होत्या. मुख्याध्यापकांनीही आपली प्रत उलटून पाहिली. ज्या मुख्याध्यापकांनी एका शब्दासाठी पाव तास वाद घातला होता त्यांना, आणि ज्या बाईंनी त्या शाखेत वीस वर्षं काढली होती त्यांना, कोणालाच हे दिसलं नव्हतं की इथं कोणी आपल्या पायांनी चालत आलं असेल, तर त्याला कागदावर जागाच नाही.

"दहा दिवस," बाई शेवटी म्हणाल्या. "पहिला प्रश्न नव्यानं लिही. सगळ्यांना पुन्हा विचार. आणि हागेमानची स्वतंत्र मुलाखत घे." मग इतर परीक्षकांकडे न बघता, "सही माझीही होती," एवढं म्हणाल्या. त्याच्याशी नव्हे, टेबलाशी बोलल्यासारखं.

योरिंडेच्या वडिलांचा बाजारचौकामागे कॅफे होता. शाळेत मुलाखत द्यायला तिनं नकार दिला, यायचं असेल तर शनिवारी सकाळी तिकडे ये म्हणाली. वानेस गेला. कॅफेत तेव्हा कोणी नव्हतं, खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातलेल्या होत्या. ती काउंटर पुसत होती. बस म्हणाली नाही. त्यानं दोन कोक मागितले, एक तिच्यासाठी. तिनं दोन्ही बाटल्या उघडून ठेवल्या आणि म्हणाली, "मुलाखत फुकट आहे. कोक नाही."

त्यानं नवा प्रश्न वाचला: तू या शाखेत कशी आलीस, ते तुझ्या शब्दांत सांग.

"हं. याला प्रश्न म्हणतात."

तिनं सांगितलं. लॅटिनमध्ये पहिली असलेली मुलगी खाली जाते म्हटल्यावर शाळेनं आईबापांना तीनदा बोलावलं होतं. काही अडचण आहे का घरी, असं विचारलं होतं. एका सरांनी तर डॉक्टरचं नाव सुचवलं. शेवटी बापानं लिहून दिलं की ही जबाबदारी आमची. "तुम्हाला पडायला काही लागत नाही," ती म्हणाली. "मला इथं यायला भांडावं लागलं."

"पण का?"

"हे बघून." तिनं रिकाम्या कॅफेकडे हात केला. "लहानपणापासून या काउंटरमागे उभी आहे. तीच माणसं, त्याच खुर्च्या, तेच भांडण, दर शुक्रवारी. मला कळून घ्यायचं होतं, हे लोक असं का करतात. लॅटिनमध्ये ते नव्हतं."

वानेस लिहीत होता. मग त्यानं विचारलं, नाही म्हटलं तरी कुत्सितपणेच, की मग कळलं का.

योरिंडेनं फडकं पिळलं. "थोडंफार. उदाहरणार्थ तुझे बाबा. शुक्रवारी येतात, खिडकीपाशी बसतात. पोरगं अर्थशास्त्र-गणितात आहे म्हणून सांगतात. दोन वर्षं सांगतायत. मागच्या शुक्रवारी म्हणाले, आकड्यांत वाघ आहे."

वानेसचं पेन थांबलं.

"त्यांना माहीत नाही मी कोणत्या वर्गात आहे ते," ती म्हणाली. "मी बिअर भरते आणि गप्प बसते. माझ्या बाबांना पण सांगितलं नाही. हे लिहू नकोस."

तो उठला. पैशांसाठी खिसे चाचपले, दोन युरोही निघाले नाहीत. ती म्हणाली, वहीत लिहून ठेवते. तिचे आभार मानण्याऐवजी तो म्हणाला, "तुला मजा आली असेल, दोन वर्षं ऐकताना."

"नाही," योरिंडे म्हणाली. "मजा येत असती तर सांगितलं असतं."

रस्त्यानं जाताना त्याला तिचा राग आला, बापाचा आला, आणि मग ज्या शाखेनं या मुलीला असं बघायला शिकवलं तिचा आला. राग कुठल्या खात्यावर टाकावा हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. घरी लुडो गॅरेजमध्ये गाडीत पाइप रचत होता. "कुठं होतास?" त्यानं विचारलं. वानेस म्हणाला, शाळेच्या कामाला. लुडो म्हणाला, "शनिवारीपण भावना असतात वाटतं." नेहमी वानेस यावर दार आपटायचा. या वेळी त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. विनोद करून झाल्यावर त्या तोंडावर हसू नव्हतंच. बहुधा कधीच नसायचं. दोन वर्षांत ते बघायला तो कधी थांबला नव्हता.

दुसऱ्या सादरीकरणात शंभर टक्के नव्हते. मुख्याध्यापकांना बरं वाटलं, हिशेबनीसांना वाटलं नाही. नव्या प्रश्नानं आणखीही काही बाहेर आलं होतं. घसरून आलेल्यांपैकी तिघींनी लिहिलं होतं की आता परत वर बोलावलं तरी त्या जाणार नाहीत. वानेसनं ते वाचून दाखवलं, चेहऱ्यावरची रेष न हलवता. स्वतःबद्दल मात्र त्यानं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं: ही शाखा मला आवडली नाही आणि आता आवडेल असंही नाही. पण ती नाला आहे हे मी सिद्ध करू शकलो नाही, कारण मी तसा प्रश्नच विचारला नव्हता. बाईंनी त्याखाली फक्त गुण लिहिले. पास होण्यापुरते, एकानं जास्त.

बैठकीनं ए दिला.

जूनच्या अखेरच्या शुक्रवारी शाळेच्या सभागृहात डिप्लोमा वाटप झालं. माग्दानं हट्ट धरला म्हणून लुडोही आला, कोट घालून. तिथं नावं शाखेप्रमाणे पुकारतात. आधी लॅटिन-गणित, मग विज्ञान. अर्थशास्त्र-गणिताची नावं सुरू झाली तेव्हा दोन रांगा पुढं बसलेले कॅफेवाले हागेमान वळले आणि लुडोकडे बघून त्यांनी अंगठा वर केला. लुडोनं मान खाली घातली. त्या यादीत डे क्लिपेल आलं नाही. हागेमान पुन्हा वळले, या वेळी गोंधळून.

मानव्यविद्या सर्वांत शेवटी. डे क्लिपेल, वानेस. टाळ्या पडल्या. नंतर चार नावं सोडून हागेमान, योरिंडे. गुणवत्तेसह. हागेमान उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि वाजवता वाजवता तिसऱ्यांदा मागे वळून त्यांनी लुडोकडे पाहिलं. अंगठा नव्हता.

परतताना वानेस पुढं, बापाशेजारी बसला. माग्दा मागे बसली होती, डिप्लोमाची पुंगळी मांडीवर घेऊन. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा लुडो समोर बघतच म्हणाला, "हागेमानची पोरगी तुझ्या वर्गात आहे, हे मला सांगायचं तरी होतंस."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

"आता कुठल्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

यावर वानेसला बोलण्यासारखं खूप होतं. दोन वर्षांत साठलेलं, धारदार, अर्धं पान भरेल इतकं. तो ते बोलला नाही, आणि बापाला धीरही दिला नाही. फाटक उघडलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि लुडोनं गिअर टाकला.

लुडो आता शुक्रवारी दुसऱ्या कॅफेत जातो, स्टेशनसमोरच्या. वानेसही हागेमानांकडे फिरकलेला नाही. दोन कोकचे चार युरो वीस सेंट त्याच्या नावावर अजून देणं आहेत.